प्रोग्राम नेमका कुठून गेला? जिनिंग, काटा अन पतसंस्थेच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली चूक माग काढून कशी धरायची

"भौ, पट्टी चुकून राहिली." एवढंच सांगते दिवाणजी फोनवर. कोणती पट्टी (कास्तकाराच्या मालाची वजन-दराची पावती), किती चुकली, रोज चुकते का आजच, कोणत्या मशीनवर, काहीच नाही, मागून गाड्यांची लाईन लागलेली अन कास्तकार काउंटरवर उभा. मग आपण काय करतो, सोर्स, म्हंजे प्रोग्रामचा मूळ कोड, उघडतो अन वाचत बसतो. दोन तास वाचून डोकं गरम होते, एक ओळ संशयास्पद वाटते, ती बदलतो, नवीन ईएक्सई (प्रोग्रामची चालणारी फाईल) देतो, अन तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोन. हे पोस्ट त्याच्यासाठीच आहे. कोड वाचून चूक शोधायची नाही, प्रोग्राम चालताना कोणत्या ओळीवरून कोणत्या ओळीवर गेला त्याचा माग काढायचा. वाचताना आपल्याले तेच दिसते जे आपल्याले वाटते की चालत असेल, अन चूक बहुतेक वेळा तिथं असते जिथं आपण "हे तं बरोबरच आहे" म्हणून पुढं गेलेलो असतो.

उदाहरणं मी व्हिज्युअल फॉक्सप्रो ह्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस भाषेची घेतो, कारण आपल्या इकडं तालुक्याच्या गावात अजून तेच गंज ठिकाणी चालून राहिलं आहे. जिनिंग, दालमिल, धर्मकाटा, अडत दुकान, पतसंस्था, सगळीकडं. शेवटचं व्हर्जन ९, ते २००४ ला आलं, मायक्रोसॉफ्टनं सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये बंद केला, पण डेटा ज्यात राहते त्या डीबीएफ फाईली काही बंद पडल्या नाहीत. ज्यानं लिहिलं तो माणूस पुण्याला गेला किंवा धंदाच सोडला अन सोर्सचं फोल्डर पेनड्राइव्हवर तुमच्या गळ्यात पडलं, असेच आपण बहुतेक जण. दुसऱ्या भाषेत काम करत असाल तरी रीत तीच, बटणं वेगळी. कमांड मी फोनवर सांगतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

आधी चुकलेल्या आकड्याकडं पाहा

डीबगर (प्रोग्राम ओळीओळीनं थांबवून पाहायचं साधन) उघडायच्या आधी पट्टीचा फोटो मागवा. "चुकली" हा शब्द कामाचा नाही, आकडा कामाचा. एक खरं वाटेल असं उदाहरण घेऊ, पूर्ण पोस्टभर तेच वापरतो. कापूस लांब धाग्याचा, दर २०२५-२६ च्या हमीभावाचा, ८११० रुपये क्विंटल. आर्द्रता १० टक्के. सीसीआयच्या (भारतीय कपास निगम) पद्धतीनं ८ टक्क्यांच्या वर जेवढे टक्के तेवढी कपात अन १२ च्या वर माल घेतच नाहीत, म्हंजे इथं २ टक्के कपात, १६२.२० रुपये, दर यायला पाहिजे ७९४७.८०. पट्टीवर मात्र छापून आलं ७७८८.८४.

आता इथं घाई करू नका. कोणीही म्हणेल कपात दुप्पट लागली. पण ८११० वर सरळ ४ टक्के कपात लागली असती तं दर ७७८५.६० आला असता. आपल्या पट्टीवर ३ रुपये २४ पैसे जास्त आहेत. कॅल्क्युलेटरवर ७९४७.८० चे २ टक्के काढा, १५८.९६ येतात, वजा करा, ७७८८.८४. झालं! म्हंजे आर्द्रता चुकीची घेतलेली नाही, टक्क्यांचा तक्ताही बरोबर आहे, कपातीचा हिशोब एकदा कमी झालेल्या दरावरच पुन्हा एकदा चालला. कोडची एकही ओळ न उघडता आपल्याले कळलं की शोधायचं काय आहे: तो कपातीचा तुकडा दोनदा कोणी चालवला.

दरवेळी आकडा इतकं बोलत नाही, पण प्रत्येक वेळी विचारून तं पाहायचं. फरक बरोबर हमालीएवढा आहे का, एका पोत्याएवढा आहे का, राउंडिंगचे पैसे आहेत का, आधीच्या पट्टीचा आकडा आला आहे का. हे शेवटचं तं फारच वेळा निघते.

डेटाची कॉपी, अन ती खरंच कॉपी आहे का ते

चालू डेटावर माग काढायला बसू नका, सीझनमध्ये तं नाहीच नाही. डीबगरमध्ये थांबलेला प्रोग्राम रेकॉर्डचं लॉक धरून बसतो अन तिकडं दुसऱ्या काट्यावरचा ऑपरेटर बोंबलतो की स्क्रीन अडकली. कॉपी करताना नुसती डीबीएफ उचलू नका, सोबत सीडीएक्स (इंडेक्स, म्हंजे शोधायच्या क्रमाची फाईल) अन एफपीटी (लांब मजकुराची फाईल) पण आणा, डेटाबेस असेल तं डीबीसी, डीसीटी, डीसीएक्स पण. इंडेक्स मागे राहिला अन तुम्ही घरी नवीन बनवला तं चूक इंडेक्समध्येच असली तर ती तुम्ही स्वतःच पुसून टाकली.

अन मग प्रोग्राम कॉपीवरच चालतो का हे खात्री करा, कारण जुन्या प्रोग्राममध्ये रस्ता कुठं तरी आतमध्ये लिहून ठेवलेला असते. टेबल उघडल्यावर कमांड विंडोमध्ये प्रश्नचिन्ह देऊन डीबीएफ फंक्शन चालवा, उघडलेल्या टेबलचा पूर्ण पत्ता दाखवते. सर्व्हरचा पत्ता दिसला तं थांबा. ऑपरेटरच्या मशीनवरच्या सेटिंगही जुळवून घ्या, तारीख ब्रिटिश आहे का अमेरिकन, सेट एक्झॅक्ट (तुलना पूर्ण करायची का) चालू का बंद, सेट डिलीटेड (खोडलेले रेकॉर्ड लपवायचे का) चालू का बंद. डिस्प्ले स्टेटस दिलं की सगळं एका जागी दिसते. ह्या तीन सेटिंगमुळं "माझ्याकडं तं बरोबर येऊन राहिलं" म्हणणारे प्रोग्रामर मी भरपूर पाहिलेत.

डीबगरमध्ये पाऊल पाऊल

चूक घरी पुन्हा करता आली तं अर्धं काम झालं. कमांड विंडोमध्ये डीबग लिहा, वेगळी खिडकी उघडते, त्यात ट्रेस, वॉच, लोकल्स, कॉल स्टॅक अन आउटपुट असे पाच भाग. ट्रेसमध्ये कोड दिसते अन पिवळा बाण पुढं चालणार असलेल्या ओळीवर असते. चालणार असलेल्या, चाललेल्या नाही, ही गोष्ट नवीन पोरं कायम विसरतात अन म्हणतात व्हेरिएबलमध्ये किंमत आलीच नाही.

बटणं चारच पाठ करा. एफ८ म्हंजे एक ओळ चाल अन समोर प्रोसिजर (नाव देऊन बोलावलेला कोडचा तुकडा) असेल तं तिच्या आत जा. एफ६ म्हंजे एक ओळ चाल, प्रोसिजर असेल तं ती पूर्ण चालवून बाहेरच थांब. शिफ्ट एफ७ म्हंजे आत आलो ते चुकलं, बाहेर काढ. एफ५ म्हंजे जाऊ दे पुढं, पुढच्या ब्रेकपॉइंटपर्यंत, म्हंजे जिथं थांबायची खूण लावली तिथपर्यंत. ब्रेकपॉइंट एफ९ नं लागते. सुरुवातीपासून एफ८ दाबत बसू नका, मेनूतून पट्टीच्या फॉर्मपर्यंत पोचता पोचता बोट दुखेल अन लक्ष उडेल. ज्या ठिकाणी आकडा अजून बरोबर आहे अशी एक जागा अन ज्या ठिकाणी चुकलेला दिसतो अशी एक जागा, दोन्हीकडं ब्रेकपॉइंट लावा, मग मधोमध एक. शेतातल्या पाइपलाइनमध्ये पाणी कुठं अडकलं ते पाहायला आपण पूर्ण पाइप खोदत नाही, मधला व्हॉल्व खोलतो, तिथं पाणी असलं तं पुढं, नसलं तं मागं. तसंच. हजार ओळींचा प्रोग्राम असला तरी दहा वेळा मधोमध थांबलं की ओळ हाती येते.

आता दिवसाच्या चारशे पट्ट्यांमधून एकच चुकली असेल तं ब्रेकपॉइंटला अट लावा. कंट्रोल बी दाबलं की ब्रेकपॉइंटची खिडकी येते, तिथं प्रकार निवडता येतो: ह्या ओळीवर थांब पण ही अट खरी असली तरच. अट म्हणून टोकन नंबर द्या. बस्स, बाकीच्या पट्ट्या सरळ निघून जातील.

त्याच खिडकीत अजून एक प्रकार आहे जो लोकं वापरतच नाहीत, काहून नाही वापरत मले समजत नाही. "ही किंमत बदलली की थांब." कोणत्या ओळीवर ते सांगायची गरजच नाही. दराचं व्हेरिएबल तिथं लिहा, प्रोग्राम सोडा, ज्या ओळीनं दर बदलला तिच्यावर प्रोग्राम स्वतःच येऊन उभा राहते. "हा आकडा कोण बदलून राहिला" ह्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर हेच. प्रोग्राम खूप मंद होते, कारण प्रत्येक ओळीनंतर तपासणी होते, पण आपली वाचण्याची स्पीड त्याच्याहून मंद आहे.

थांबल्यावर पहिली नजर व्हेरिएबलवर जाते, ती कॉल स्टॅकवर गेली पाहिजे. तिथं खालून वर दिसते कोणी कोणाला बोलावलं. कपातीची प्रोसिजर एकच, पण बोलावणारे तीन असू शकतात, आर्द्रतेच्या खान्यातून, सेव्ह बटणातून, छापाई बटणातून. आपल्या पट्टीत कपातीवर पहिल्यांदा थांबलं तेव्हा स्टॅकमध्ये आर्द्रतेच्या खान्याचं व्हॅलिड (खाना सोडताना चालणारा तपासणीचा कोड) होतं, दुसऱ्यांदा थांबलं तेव्हाही तेच. म्हंजे सेव्ह अन छापाई निर्दोष. खाना एकच, तो दोनदा चालला.

पण ऑपरेटरनं आर्द्रता तं एकदाच टाकली होती ना? इथं फॉक्सप्रोचा स्वभाव माहीत पाहिजे. व्हॅलिड हे त्या खान्यातून बाहेर पडताना दरवेळी चालते, किंमत बदलली असो का नसो. ऑपरेटरनं आर्द्रता टाकली, पुढं गेला, मग काही तरी तपासायला शिफ्ट टॅबनं मागं आला, काहीच न बदलता पुन्हा पुढं गेला, झालं दुसरं व्हॅलिड. अन व्हॅलिडमध्ये लिहिलेलं होतं दर बरोबर दर वजा कपात. जितक्या वेळा तो खान्यातून जाईल तितक्या वेळा कास्तकाराचे पैसे कटतील. उलटं पण होते, फॉर्मवर सेव्हचं बटण टूलबारमध्ये असलं तं टूलबार फोकस (कर्सर) घेतच नाही, त्यामुळं शेवटच्या खान्याचं व्हॅलिड चालतच नाही अन कपात लागतच नाही, तेव्हा जिनिंगवाल्याचं नुकसान अन त्याची तक्रार मात्र कधीच येत नाही कारण कास्तकार काहून सांगेल.

बघितल्यानं बिघडते ते

फोकसशी संबंधित चूक असेल तं डीबगर तुम्हाला फसवते. कारण डीबगरच्या खिडकीवर क्लिक केलं की फॉर्मचा फोकस गेला, परत आलात की पुन्हा गॉटफोकस, ॲक्टिव्हेट (फोकस आल्यावर, फॉर्म पुढं आल्यावर चालणारे कोड) चालतात. म्हंजे जे पाहायला गेलो तेच आपण हलवलं. अशा वेळी थांबायचंच नाही. डीबगआउट नावाची कमांड आहे, तिच्यापुढं काहीही लिहा, आउटपुट खिडकीत ओळ उमटते अन प्रोग्राम चालूच राहते. सेट डीबगआउट टू देऊन ते फाईलमध्येही घेता येते. व्हॅलिड, लॉस्टफोकस, गॉटफोकस, टायमर अशा प्रत्येक ठिकाणी पहिल्या ओळीवर एक एक डीबगआउट टाका अन फॉर्म नेहमीसारखा वापरा, क्रम आपोआप समोर येते.

तसंच काट्याचं. काट्याचा इंडिकेटर सीरियल पोर्टवरून वजन सारखं पाठवत राहते. तुम्ही ब्रेकपॉइंटवर थांबलात, चहा घेतला, तोवर बफर (आलेला डेटा वाचेपर्यंत थांबायची जागा) जुन्या वजनांनी भरून गेला. एफ५ दाबलं की प्रोग्राम आधी ते जुनं वजन वाचते अन तुम्हाला वाटते चूक सापडली. सापडली काही नाही, तुम्हीच बनवली. काट्यासाठी एकच मार्ग, पोर्टवरून जी कच्ची ओळ आली ती जशीच्या तशी फाईलमध्ये लिहून घ्या, वेळेसकट, तिची लांबीसुद्धा लिहा, कारण अर्धवट आलेली ओळ हाच काट्याचा कायमचा आजार आहे. १२४८० च्या जागी २४८० आलं की गाडीचं वजन दहा टन कमी. ती फाईल घरी आणा अन पोर्टच्या जागी त्या फाईलमधून एक एक ओळ वजन काढणाऱ्या प्रोसिजरला खाऊ घाला. काटा नाही, गाडी नाही, रात्री घरी बसून तीच चूक पाहिजे तितक्या वेळा पाहता येते.

जागेवर डीबगर नसते तेव्हा

खरी अडचण ही आहे. ऑपरेटरच्या मशीनवर फक्त ईएक्सई अन रनटाइम (ती चालवायला लागणाऱ्या फाईली) आहे. तिथं सेट स्टेप ऑन, सस्पेंड असल्या कमांड चालत नाहीत, प्रोग्राम त्यांना न विचारता पुढं जाते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर एनीडेस्क (दुरून मशीन पाहायचं ॲप) लावून पाहायचं म्हटलं तं नेमकी लाईन जाते. म्हणून प्रत्येक प्रोग्राममध्ये स्वतःचा माग लिहिणारी एक छोटी प्रोसिजर पहिल्या दिवसापासूनच घालून ठेवा. वीस ओळीसुद्धा लागत नाहीत.

तिच्यात काय असावं ते सांगतो. आधी पाहायचं की डेटाच्या फोल्डरमध्ये ट्रेस नावाची रिकामी फाईल आहे का, फाईल फंक्शननं कळते. नसली तं लगेच परत. म्हंजे चालू-बंद करायला नवीन ईएक्सई द्यावी लागत नाही, दिवाणजीला फोनवर सांगायचं, त्या फाईलचं नाव बदला, बस. असली तं एक ओळ बनवायची: तारीख-वेळ, मशीनचं नाव जे सिस कंसात शून्य दिलं की मिळते, कोणत्या प्रोसिजरनं बोलावलं ते, सध्या निवडलेल्या टेबलचं नाव अलायस फंक्शननं, रेकॉर्ड नंबर रेकनो फंक्शननं, अन मग तुम्ही पाठवलेला मजकूर. बोलावणाऱ्याचं नाव काढायला प्रोग्राम फंक्शन आहे, त्याला वजा एक दिलं की आपण किती खोल आहोत तो आकडा येते, त्याच्यातून एक कमी करून तोच आकडा पुन्हा प्रोग्रामला दिला की बोलावणारा कोण ते कळते. ओळ क्रमांक मात्र बोलावतानाच पाठवावा लागते, आत लाइननो काढला तं तुमच्या माग प्रोसिजरचाच नंबर येईल. अन प्रोजेक्टमध्ये डीबग इन्फोची खूण काढून बिल्ड केली असेल तं ओळ क्रमांक शून्यच येतो, म्हणून ती खूण ठेवा.

लिहायचं स्ट्रटूफाइलनं, तिसरा पॅरामीटर १ दिला की फाईलच्या शेवटी जोडते, ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न अन लाईन फीड लावायला विसरू नका नाही तं सगळी रामायणाची एकच ओळ होते. एफओपन करून फाईल उघडी ठेवून लिहिणं जास्त जलद आहे हे मान्य, पण आपल्या इकडं लाईन कधी जाईल सांगता येत नाही अन यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते. स्ट्रटूफाइल दरवेळी उघडून लिहून बंद करते, त्यामुळं प्रोग्राम मेला तरी मरायच्या आधीची ओळ बहुतेक वेळा हाती राहते, अन तीच पाहिजे असते. प्रत्येक मशीनची फाईल वेगळी ठेवा, दोन काटे एकाच फाईलमध्ये लिहायला लागले की एकमेकांना अडवतात.

आपल्या पट्टीचा माग असा दिसेल:

१८:४२:०७ काटा-२ आर्द्रता व्हॅलिड, आधी ८११०.००, कपात १६२.२०, नंतर ७९४७.८०
१८:४२:३१ काटा-२ आर्द्रता व्हॅलिड, आधी ७९४७.८०, कपात १५८.९६, नंतर ७७८८.८४
१८:४२:३३ काटा-२ छापाई क्लिक, दर ७७८८.८४

तीन ओळी. मधले २४ सेकंद पाहा, तेवढ्यात ऑपरेटर मागं गेला होता. "आधी" अन "नंतर" दोन्ही लिहिलं म्हणून हे दिसलं, नुसतं "कपात झाली" लिहिलं असतं तं काही उपयोग नव्हता. मागात मत लिहू नका, किंमत लिहा. अन लूपच्या आत प्रत्येक फेरीला लिहायला लावू नका, शंभर एमबीची फाईल कोणीच वाचत नाही, लूपच्या आधी किती रेकॉर्ड अन नंतर किती झाले एवढं बस. कास्तकाराचं नाव, आधार, बँक खातं हे मागात टाकायचं नाही, टोकन नंबर पुरते, ती फाईल व्हॉट्सॲपवर कुठं कुठं फिरेल काही भरवसा नाही.

एररसाठी ऑन एरर लावून त्यात एरर नंबर, मेसेज, मेसेज कंसात एक म्हंजे प्रत्यक्ष ती ओळ, प्रोग्राम अन लाइननो हे सगळं ह्याच फाईलमध्ये पाठवा. व्हर्जन ७ पासून एस्टॅकइन्फो आहे, तो पूर्ण कॉल स्टॅक एका ॲरेमध्ये भरून देते, तो पण लिहून टाका. अन सोर्समध्ये ट्राय कॅच (चूक झाली की ती पकडणारा कोड) शोधा, ज्या कॅचमध्ये काहीच लिहिलेलं नाही तिथं आधी एक ओळ माग टाका. रिकामा कॅच लिहिणाऱ्याला मी तरी माफ करत नाही, चूक झाली अन प्रोग्रामनं तोंडातून ब्र काढला नाही, वर पट्टी छापून दिली.

माग कुठं नेऊन सोडते

जुन्या फॉक्सप्रोच्या कोडमध्ये माग काढत गेलं की फिरून फिरून काही ठरलेल्या जागी पोचतो. एक म्हंजे बरोबरचं चिन्ह. सेट एक्झॅक्ट बंद असलं तं उजवीकडची अक्षरं संपेपर्यंतच तुलना होते, म्हणून डावीकडं १२३ अन उजवीकडं १२ असलं तरी उत्तर खरं. अन उजवीकडं रिकामी स्ट्रिंग असली तं कशाशीही तुलना खरीच. ऑपरेटरनं खाते क्रमांक टाकलाच नाही अन तरी पट्टी निघाली, अन निघाली ती यादीतल्या पहिल्याच खातेदाराच्या नावावर, हा प्रकार पतसंस्थेत पण पाहायला मिळतो. मागात खाते क्रमांक लिहिताना दोन्ही बाजूंना चौकटी कंस लावून लिहा, म्हंजे रिकामं अन शेवटच्या स्पेस लगेच दिसतात. दोनदा बरोबर लावलं की तुलना पक्की होते.

दुसरं, व्हेरिएबल लोकल केलेलं नसते. फॉक्सप्रोमध्ये न सांगता वापरलेलं व्हेरिएबल खाली बोलावलेल्या सगळ्या प्रोसिजरला दिसते, अन खालच्यानं पण लूपसाठी आय नावाचंच व्हेरिएबल वापरलं तं वरचा आय बिघडला. वर सांगितलेला "किंमत बदलली की थांब" इथं एका मिनिटात काम करते. तिसरं, खालच्या प्रोसिजरनं सिलेक्ट करून दुसरं टेबल धरलं अन परत येताना जुनं निवडलंच नाही. वर डू व्हाइल चालू आहे, तो आता दुसऱ्याच टेबलच्या शेवटापर्यंत पळते. स्कॅन वापरलं असतं तं ते स्वतःच आपल्या टेबलवर परत आलं असतं. मागात अलायस लिहायला सांगितलं ते ह्याच्यासाठीच, दोन ओळींमध्ये टेबलचं नाव बदललेलं दिसलं की समजून जा.

कोणता कोड चालला अन कोणता कधी चाललाच नाही हे पाहायचं असेल तं घरच्या मशीनवर सेट कव्हरेज टू देऊन फाईलचं नाव द्या. चाललेल्या प्रत्येक ओळीची नोंद होते, लागलेल्या वेळेसकट, अन सोबत येणारं कव्हरेजचं ॲप ते रंगवून दाखवते. रिपोर्ट मंद का आहे ते पाहायलाही कामी येते. फाईल झपाट्यानं फुगते, म्हणून तेवढ्या भागापुरतंच चालू करा अन रिकामं सेट कव्हरेज टू देऊन बंद करा.

नागपूरच्या मिहानमध्ये किंवा पुण्यात नोकरीला लागलेली आपल्या इकडची काही पोरं विचारतात की आम्ही एएस ४०० वर आहो, तिथं कसं. आयबीएमची १९८८ ची मशीन, तिच्या आजच्या सिस्टिमला आयबीएम आय म्हणतात, आरपीजी अन कोबॉल ह्या भाषा चालतात. तिथं प्रोग्राम कंपाइल करतानाच डीबग व्ह्यू सोर्स किंवा लिस्ट ठेवा, नाही तं कोड दिसत नाही. मग स्टार्ट डीबगची कमांड, एफ६ ब्रेकपॉइंट, एफ१० पाऊल, एफ२२ आत पाऊल, एफ११ नं किंमत, एफ१७ नं किंमत बदलली की थांब, एफ१२ नं पुढं. चूक बॅच जॉबमध्ये असली तं आधी स्टार्ट सर्व्हिस जॉब देऊन त्या जॉबला पकडावं लागते, मग डीबग. स्टार्ट डीबगमध्ये प्रॉडक्शन लायब्ररीच्या फाईली बदलू द्यायच्या का असा एक पर्याय आहे, तो मुळातच "नाही" असते. कोणी घाई करत असलं तरी त्याला "होय" करायच्या आधी तुमच्या सिनियर ताईला किंवा दादाला विचारा. अन कोणी काही म्हणो, जॉब लॉग आधी वाचा, निम्म्या वेळी उत्तर तिथंच छापलेलं असते.

आता आपल्या पट्टीची दुरुस्ती. व्हॅलिडमध्ये फक्त आर्द्रता १२ च्या आत आहे का ते तपासायचं, दराला हात लावायचा नाही. मूळ दर वेगळ्या व्हेरिएबलमध्ये, तो कोणीच बदलणार नाही, अन अंतिम दर काढणारी एकच प्रोसिजर, जी दरवेळी मूळ दरापासूनच हिशोब करते. मग ती दहा वेळा चालली तरी उत्तर तेच. दुरुस्ती झाल्यावर माग चालू ठेवूनच ती पट्टी चार प्रकारे काढून पाहा: सरळ टाकून, शिफ्ट टॅबनं दोनदा मागं जाऊन, आर्द्रता आधी ११ टाकून मग १० करून, अन टूलबारच्या बटणावरून सेव्ह करून. चारही वेळा ७९४७.८० आलं पाहिजे. टूलबारच्या वेळी ८११० आलं तं सेव्हच्या आधी फोकस हलवायची ओळ राहिली आहे. मग ट्रेस फाईलचं नाव परत बदला, ईएक्सई पाठवा, अन दिवाणजीला सांगा की ह्या सीझनच्या सगळ्या पट्ट्यांमधून मूळ दर, आर्द्रता अन छापलेला दर अशी यादी काढून देतो, ज्यांचे जास्त कटले त्यांचा फरक द्यायचा आहे. ती यादी काढायला एक सिलेक्ट पुरते.